तीन वर्षांच्या पोराचे दात

अमरावती,
दि. ४ मार्च २०२५

ती. रागिणी आत्यांस,
आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुमच्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि माझा फोन इथे घरभर फिरतो, म्हणून पत्रच लिहिते. तुमची पाकिटं सासूबाई उघडत नाहीत. आत पथ्यपाण्याचं भाषण असणार अशी त्यांची खात्री आहे.

जाईचा रिपोर्ट आला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या दुखण्याला नाव मिळालं. ड्रॅव्हे सिंड्रोम म्हणतात. नागपूरच्या डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं, की मेंदूच्या पेशींना मिठाची ये-जा होण्यासाठी बारीक दारं असतात. ती दारं घडवणारं जे जनुक, त्यात जाईच्या एक बदल आहे. त्यामुळे मेंदूला आवर घालणाऱ्या पेशीच ढिल्या पडतात. मग ताप, ऊन, गरम पाणी, फिट यायला काहीही निमित्त पुरतं.

आणि दोन वर्षं आपण तिला जी गोळी देत होतो, ती नेमकी ह्याच आजारात उलटी पडते. ती सुरू केल्यापासून फिट वाढल्या, हे माझ्या वहीत तारखांसकट आहे. पण इथल्या डॉक्टरांना तरी किती बोलू? त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात आधी कोणाला झटके येत होते का. तुमच्या भावाने, म्हणजे मामाजींनी, छाती पुढे काढून सांगितलं की आमच्या घरात कोणालाच नाही. आता ती गोळी बंद आहे. नव्या औषधांवर अकरा दिवसांत एकच मोठी फिट आली.

मामाजींना रिपोर्टातला जनुक हा शब्द फार आवडला. पहिली फिट दर्यापूरला आली, माझ्या आईने पाच महिन्यांच्या जाईला न्हाऊ घातलं तेव्हा, म्हणून खोटही दर्यापूरचीच, असा त्यांचा हिशेब. परवा जेवताना विपुलला म्हणाले की हे नासकं बियाणं घरात ठेवायचं का याचा विचार कर, फारकतीचे कागद काही अवघड नसतात. विपुल भात कालवत राहिला. तिकडे आईने त्या दिवसापासून जाईला हात लावलेला नाही. मीच पोर उकळून काढली, असं ती स्वतःच म्हणते.

आणखी एक. हे विपुलशिवाय कोणाला ठाऊक नाही. मला दिवस गेले आहेत, सातवा आठवडा आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, जाईतला बदल तिच्यातच नव्याने झालेला असेल तर दुसऱ्या बाळाला धोका फार थोडा. पण आईकडून किंवा बापाकडून आला असेल तर निम्मा. म्हणून दोघांचं रक्त हवं, आणि दोन्ही घरांत लहानपणी कोणाला झटके येत होते का, हेही कळायला हवं. माझ्या घरचं मी विचारून आले, कोणालाच नव्हते. तुम्ही दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होतात, ह्या घरातलं प्रत्येकाचं दुखणं तुमच्या हातून गेलं. तुम्हाला काही आठवतं का?

इथे माया चमच्याने मिळते. तुमची तरी हात राखून नसावी, ही विनंती.

तुमची,
आकांक्षा


जुने शहर, अकोला,
दि. ९ मार्च २०२५

चि. सौ. आकांक्षा हिस,
रागिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मळमळलं. आधी वाटलं मोर्णा नदीचा वास असेल. पाणी आटलंय, वर जलकुंभी कुजते आहे, खिडकी उघडायची सोय नाही. पण खिडकी लावून वाचलं तरी तेच. वास तुझ्या पत्रातल्या माणसांना होता.

नासकं बियाणं म्हणे! चौतीस वर्षं हा माणूस शाळेत पोरांना विज्ञान शिकवत होता, हे आठवलं की त्या पोरांची कीव येते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं ते घेतलं, वर डोकंही शाळेच्या कपाटात ठेवून आला. सुनेच्या ताटासमोर फारकतीची भाषा करतो, तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरतो तरी कसा? किळस येते बापा. माझ्याच आईच्या पोटचा आहे म्हणून जास्त येते.

दिवाळीत जाईला फिट आली तेव्हाचं तर मी अजून विसरले नाही. शेजारचे पाच-सहा जण आत घुसले. एकीने कांदा फोडला, एकाने मुठीत किल्ली कोंबली आणि तुझ्या सासूने दारातला चामडी जोडा उचलून पोरीच्या नाकाला लावला. अवं, तो जोडा घालून तुझा सासरा दोन मिनिटांपूर्वी संडासाच्या मोरीतून आला होता! मी हाताला चापट मारली तर मलाच म्हणाल्या, की ताईले कावून एवढा राग येते. पुन्हा असं कोणी करू लागलं तर सरळ ढकलून दे, माझं नाव सांग. पोरीला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांच्या आत ते नाकातलं औषध फवारायचं.

तुझ्या आईला, पार्वताबाईंना, माझा निरोप दे. गरम पाण्याने आजार होत नाही. आजार आधीच होता, पाण्याने फक्त बाहेर आला. त्या दिवशी आला नसता तर पुढच्या तापात आला असता. हवं तर नर्स म्हणून सहीनिशी लिहून देते.

दिवस गेल्याचं वाचून काय वाटलं ते लिहीत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नको. उलट्या होत असतील तर सकाळी कोरडी भाकरी चावून खा. आणि जाईला सांग की ती मागच्या वेळी माझ्या चष्म्यावर बसली होती, त्याची भरपाई म्हणून एक पापी बाकी आहे.

जुन्या गोष्टींचं विचारलंस. घर मोठं होतं, पोरं पुष्कळ, ताप सगळ्यांनाच येत होते. एवढ्या वर्षांनी काय सांगावं? विपुलचं रक्त देऊन टाका, म्हणजे झालं.

माझा जीव तुम्हा मायलेकींत आहे, हे धरून चाल.

तुझी,
रागिणी आत्या


अमरावती,
दि. १४ मार्च २०२५

ती. रागिणी आत्यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, बऱ्याच दिवसांनी. मग पुन्हा वाचलं. तुम्ही जोड्याबद्दल लिहिलं, जलकुंभीबद्दल लिहिलं, मामाजींच्या डोक्याबद्दल लिहिलं. मी विचारलं होतं त्याबद्दल शेवटी तीन ओळी आहेत आणि त्यांत काहीच नाही. तुम्ही असं लिहीत नाही, आत्या. तुम्ही तर साध्या सर्दीचंही साल सांगता.

माझं रक्त तपासलं. माझ्यात तो बदल नाही. आता तो जाईत नव्याने झाला असेल, नाहीतर विपुलकडून आला असेल. विपुल रक्त द्यायला तयार होता, पण मामाजी आडवे आले. सहा एप्रिलला हर्षाचं साक्षगंध आहे. तिच्या लग्नाआधी भावाच्या रक्तात काही निघालं तर पोरगी घरात बसेल, असं त्यांचं म्हणणं. लग्न मे महिन्यात. शेवटी मी दिवस गेल्याचंही त्यांना सांगितलं, म्हटलं आता तरी ऐकतील. ते म्हणाले, थांबा, काय घाई आहे. साक्षगंधाच्या दिवशी मी आणि जाईने दर्यापूरला जावं असंही ठरलंय, पाहुण्यांसमोर फिट नको म्हणून.

मला थांबता येत नाही. पोटातल्या बाळाची तपासणी करायची की नाही, हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरवायला हवं. त्या तपासणीतही थोडा धोका आहे. धोका निम्मा असेल तर मी ती करीन, नगण्य असेल तर कशाला बाळाला सुई दाखवू? म्हणून पुन्हा विचारते, आणि सरळ विचारते. विपुलला लहानपणी झटके येत होते का?

उत्तर होय असो की नाही, तुमच्यावरचा जीव तसाच राहील, असं आज तरी वाटतं.

आकांक्षा


अकोला,
दि. १७ मार्च २०२५

चि. खुशालराव यास,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, पण तू धाकटा, रीत म्हणून घे.

आकांक्षाने मला विचारलंय. तू डॉक्टरांना काय सांगितलंस ते तिने लिहिलं आहे. खुशाल, तुला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे की ते खोटं आहे. ज्या पोरीला तू नासकं बियाणं म्हणतोस, तिच्या रक्तात काही निघालं नाही. उरलं कोण, ते तुझं तू बघ. आरशात बघितलंस तरी चालेल, ते तुझ्याकडून किंवा वहिनीकडून आलं असेल.

मला तुझी लाज वाटते हे जुनं झालं. आता शिसारी येते. नात फिट येऊन निळी पडते आणि तू साक्षगंधाला किती ताटं सांगायची ते बघतोस.

आठ दिवस देते. विपुलला बोलाव, आकांक्षाला बोलाव, आणि तुझ्या तोंडाने सांग. ते तुझ्या तोंडून आलं तर तुझी थोडी इज्जत राहील. नाही सांगितलंस तर मी लिहीन.

तुझी बहीण आहे, याला इलाज नाही.

रागिणी


।। श्री ।।

अमरावती,
दि. २१ मार्च २०२५

ती. ताईस,
खुशालचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण की,

आपले पत्र मिळाले. भाषा वाचून मन खिन्न झाले. वडीलधाऱ्या व्यक्तीने घर जोडावे, तोडू नये, असे मला वाटते.

विपुलला लहानपणी जे झाले ते दात येतानाचे होते, हे तेव्हाच सर्वांना सांगितले होते. सहाव्या वर्षानंतर काहीही झालेले नाही. आज तो सहा फुटी गडी आहे, नोकरी करतो, मोटार चालवतो. त्याला आजारी म्हणणे हा त्याचा अपमान आहे. रक्त तपासायला देणे म्हणजे गुन्हा कबूल करण्यासारखे आहे. हर्षाचे वय एकतीस झाले. हे चौथे स्थळ आहे. मुलाकडचे लोक चौकशी फार बारीक करतात, त्यांचा एक नातेवाईक अकोल्यात तुमच्याच गल्लीत राहतो.

सूनबाईंच्या पोटातले बाळ दोन महिने थांबल्याने काही बिघडत नाही. देव जे देईल ते पदरात घ्यावे.

आपणास एक नम्र सुचवणी आहे. आपले वय चौसष्ट झाले, ऐकू कमी येते, विसरही पडत असेल. सूनबाईंना असे लिहावे, की दवाखान्यातल्या दुसऱ्याच कोण्या पोराची आठवण माझ्या डोक्यात मिसळली होती. ह्यात कोणाचेच नुकसान नाही.

आपण एकट्या आहात. उद्या अंथरूण धरले तर पाणी द्यायला विपुलच येणार आहे, हेही ध्यानात असावे. बाकी आपली कृपा आजवर होती, ती ह्या वेळी आवरती घेऊ नये.

आपला आज्ञाधारक बंधू,
खुशालराव


अकोला,
दि. २४ मार्च २०२५

चि. सौ. आकांक्षा हिस,
आशीर्वाद.

होय. विपुलला झटके येत होते. पहिला नऊ महिन्यांचा असताना तापात आला, शेवटचा सहाव्या वर्षी. मधे पंधरा-वीस तरी मी डोळ्यांनी पाहिले. बहुतेक तापातले, दोन बिनतापाचे. डॉक्टरबाईंना हे असंच सांग, माझं पत्र दाखव.

ह्या पत्रासोबत खुशालरावाचं पत्र ठेवलंय. वाच. वाचताना जवळ बादली ठेव.

एक प्रसंग लिहिते, म्हणजे मला विसर पडलेला नाही हे तुला कळेल. १९९४ सालचा मे महिना. आम्ही पातूरला एका लग्नाला गेलो होतो. भरल्या जीपमधून आलो, विपुल माझ्या मांडीवर, तीन वर्षांचा, अंग तापलेलं. मांडवात उतरलो आणि त्याला फिट आली. डोळे वर गेले, तोंडाला फेस आला, पाय ताडताड आपटू लागले. मी त्याला खाली ठेवून कुशीवर केला, तर खुशालने खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या तोंडावर टाकला. लोकांना दिसू नये म्हणून. पोराचा श्वास कोंडला होता आणि बाप त्याचं तोंड झाकत होता! मी टॉवेल ओढला, त्याने परत टाकला. असं तीनदा झालं. मग गोळा झालेल्या लोकांना त्याने हसून सांगितलं, की काही नाही, पोराले दात येऊन राह्यले. तीन वर्षांच्या पोराला कोणते दात येतात, हे मांडवातल्या एकाही माणसाने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मी नर्स होते.

आता माझं ऐक. २०१९ मध्ये तुझं ठरवायला आम्ही दर्यापूरला आलो, तेव्हा तुझ्या वडिलांनी, महादेवरावांनी, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की तुमी दवाखान्यातल्या बाई, तुमी म्हनान ते खरं, घरात काही दुखणं-बिखणं नाही ना. मी म्हणाले, आमच्या घरात कोणालाच काही नाही. आणि पंगतीत जाऊन पाटोडीची आणखी एक वाटी घेतली. तीन वर्षांनी तुमच्या अमरावतीच्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. खुशालने नाही म्हटलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते, जाईची दुधाची बाटली हातात धरून. एक शब्द बोलले असते तर कदाचित ही तपासणी तेव्हाच झाली असती, आणि ती उलटी पडणारी गोळी पोरीच्या पोटात दोन वर्षं गेली नसती.

का गप्प बसले? मी लग्न केलं नाही, मला कोणी नाही. म्हातारपणी पाणी देणारा हा एकच भाचा, त्याच्या घरचं दार बंद होऊ नये म्हणून. खुशालला ते बरोबर ठाऊक आहे, त्याने पत्रात त्याच जागी बोट ठेवलंय. मागच्या पत्रात मी चार पानं त्याला शिव्या दिल्या आणि तुझ्या प्रश्नापुढे शेपूट घातली. सगळ्यांची किळस लिहून झाली, माझी तेवढी राहिली होती.

पार्वताबाईंना हे वाचून दाखव. तीन वर्षं त्या बाईने स्वतःचे हात जाळायचे तेवढे बाकी ठेवले, आणि मी त्यांच्याशी विहीण म्हणून हळदीकुंकवाच्या गप्पा मारत होते.

तुझ्याकडे लोभ मागायचं तोंड मला नाही. पत्र पोचल्याचं तेवढं कळव.

रागिणी


अमरावती,
दि. २७ एप्रिल २०२५

ती. रागिणी आत्यांस,
आकांक्षाचा नमस्कार.

पत्र पोचलं होतं. कळवायला महिना लागला.

विपुलला वाचायला दिलं. त्याला स्वतःला काही माहीत नव्हतं. सहाव्या वर्षापर्यंतचं कोणाला काय आठवणार? त्याने आईला विचारलं, तर सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या की दात होते रे बापा, दातच होते. तो दुसऱ्या दिवशी घरात न सांगता नागपूरला गेला आणि रक्त देऊन आला. रिपोर्टात तोच बदल निघाला, जाईचा जो आहे तोच. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा बदल एकाच्या अंगात सहा वर्षांनी शांत होतो आणि दुसऱ्याच्या अंगात असा पेटतो. तसं का होतं हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही. रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं परत येताना विपुल मला म्हणाला, की मी धडधाकट राहिलो याचीच मला लाज वाटते.

मामाजी आधी म्हणाले लॅबने नळ्या बदलल्या. मग म्हणाले पुरुषाकडून असं काही जातच नाही. विज्ञानाचे मास्तर! आम्ही जाईला घेऊन दोन खोल्यांत राहायला आलो, पत्ता पाकिटावर आहे. फारकतीचं आता ते काढत नाहीत. हर्षाने साक्षगंधाच्या आदल्या दिवशी मुलाला फोन करून स्वतःच सगळं सांगितलं. तो म्हणाला घरी बोलतो. अजून बोलतोच आहे. हर्षा आमच्याकडे येते, जाईला सांभाळते, आणि वडिलांशी एक अक्षर बोलत नाही.

आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि हे खरंच त्या बाईनेच लिहिलं का, असं दोनदा विचारलं. मग उठून आत गेली. मला वाटलं रडेल. बाहेर आली ती म्हणाली, की त्या नर्सबाईचं तोंड मले दाखवू नको. मी तुमची बाजू घेतली नाही.

जाई बरी आहे. महिन्यात दोन मोठ्या फिट आल्या, आधी अकरा यायच्या. चार नवे शब्द बोलते. डॉक्टरबाईंनी बजावलंय की गेलेली दोन वर्षं सगळी परत मिळतीलच असं नाही.

आणि बाळाची तपासणी केली. निकाल परवा आला. काय आला ते मला आणि विपुलला माहीत आहे, पुढे काय करायचं तेही आम्ही ठरवलं आहे. तुम्ही विचाराल, काळजीने विचाराल, नर्स म्हणून विचाराल. मी सांगणार नाही. सहा वर्षं माझ्या घरातली गोष्ट तुम्ही माझ्यापासून लपवलीत. ही माझ्याजवळ राहील.

तुम्ही खरं लिहिलंत, म्हणून हे पत्र तरी लिहिते आहे. जाईला भेटायला या, ती तुमची वाट बघते. दार मी उघडीन, चहाही करीन.

लोभ असावा असं लिहायची हाताला सवय आहे. तो जाईवर असू द्या. माझा मला आणखी काही दिवस लागेल.

आकांक्षा